सहाव्या वर्षी येणारी दाढ

मुलाचा पुढचा दुधाचा दात हलायला लागला की सगळ्या घराला ते कळते. तो पडल्यावर कौलांवर फेकायचा की आणखी कुठे टाकायचा यावर आजी आणि नातवंडात चर्चाही होते. त्याच सुमारास, साधारण सहा वर्षांच्या आगेमागे, तोंडाच्या पार मागच्या कोपऱ्यात एक मोठी दाढ हिरडीतून वर येत असते. वर दोन, खाली दोन, अशा चार. तिच्या जागी आधी कुठलाच दात नसतो, त्यामुळे काही पडत नाही, कुणाला काही दिसत नाही. मूल फार तर ‘मागे दुखतंय’ म्हणते आणि दोन दिवसांत विसरून जाते. पुढे दोन-तीन वर्षांनी या दाढेवर काळा ठिपका दिसला की आई म्हणते, “दुधाचीच आहे, पडेल की.”

ती पडणार नाही. ती कायमची पहिली दाढ आहे आणि तिच्यामागे दुसरी राखीव दाढ नाही. ओळखायची खूण सोपी आहे. जबड्याच्या मध्यापासून एका बाजूला मोजायला सुरुवात करा. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. सहावा क्रमांक या दाढेचा. पुढचे पाचही दुधाचे दात पडून नवे आले तरी तिचा क्रमांक सहाच राहतो. मोजताना पडलेल्या दाताची रिकामी जागाही धरायची, एवढेच लक्षात ठेवायचे. मुलाला उजेडात बसवून, मोबाइलची बॅटरी लावून, तोंड मोठे उघडायला सांगून हे कुणालाही पाहता येते.

या लेखात सांगायचे आहे ते या चार दाढांना कीड लागण्याआधीच झाकून ठेवण्याच्या उपायाबद्दल. दंतवैद्य त्याला सीलंट म्हणतात. दवाखान्यात ‘दाढ सील करून घ्या’ असेही ऐकू येते. शिक्रापुरात नगर रस्त्याने किंवा पाबळ फाट्याच्या बाजूने फिरले तर दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर रूट कॅनाल, कॅप, वेडेवाकडे दात सरळ करणे हे शब्द सहज वाचायला मिळतात. सीलंट हा शब्द क्वचित असतो, कारण त्यासाठी आपणहून येणारे पालक क्वचित असतात. दुखल्याशिवाय दाताच्या डॉक्टरकडे जायचे नसते, ही आपली जुनी समजूत. सीलंटचा उपयोग मात्र दुखायच्या आधीच असतो.

दाढेचा माथा आरशात पाहिला तर तो सपाट नसतो. चार-पाच उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खाचा. दात जबड्याच्या आत घडत असताना प्रत्येक उंचवटा स्वतंत्र तयार होतो आणि ते एकमेकांना येऊन मिळतात. जिथे मिळतात तिथे ही खाच राहते. काही दाढांत ती उथळ असते, काहींत अरुंद आणि खोल. अशा खाचेच्या तळाशी दाताचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, पातळ असते. टूथब्रशचा एक केस साधारण ०.२ मिलिमीटर जाड असतो आणि खोल खाचेची तळाशी रुंदी त्याहूनही कमी. म्हणजे मूल कितीही मन लावून घासत असले तरी ब्रश खाचेच्या तोंडापाशीच अडतो. त्यात ही दाढ पूर्ण वर यायला वर्षभर किंवा त्याहून थोडा अधिक काळ घेते. तोवर ती शेजारच्या दुधाच्या दाढेपेक्षा खाली असते आणि ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो.

आत काय चालते ते असे. तोंडातले जिवाणू, त्यांत मुख्यतः स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, साखर खातात आणि आम्ल सोडतात. पीएच ५.५ च्या खाली गेला, म्हणजे आम्लता तेवढी वाढली, की इनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. लाळ हळूहळू आम्ल निष्प्रभ करते, गेलेली खनिजे थोडीफार परत भरते. पण त्याला निदान अर्धा तास लागतो. दोन वेळच्या जेवणाने दात किडत नाहीत, मधल्या चरण्याने किडतात. सकाळी चहा-बिस्किट, मधल्या सुट्टीत पाच रुपयांचा पुडा, संध्याकाळी परत बिस्किट किंवा चॉकलेट. बिस्किटाचा लगदा खाचेत बसला की लाळ तिथे पोचत नाही आणि अर्ध्या तासाचे आम्ल तासन् तास टिकते. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांचा ताजा गूळ किंवा काकवी मुलांना जेवताना द्यावी, त्यात काही बिघडत नाही. खिशात गुळाचा खडा घालून दिवसभर चघळू देऊ नये.

नव्याने आलेल्या दाढेचे इनॅमल अजून कच्चे असते. लाळेतली खनिजे शोषून ते पुढची दोन-तीन वर्षे टणक होत जाते. म्हणजे खाच सर्वांत खोल, कवच सर्वांत कच्चे आणि मूल सर्वांत निष्काळजी, हे तिन्ही एकाच वेळी जुळून येते. कीड एकदा कवच ओलांडून आतल्या मऊ थरात, डेंटिनमध्ये, शिरली की ती आडवी पसरते. वरून सुईच्या टोकाएवढा ठिपका आणि आत मोठे भगदाड, असे दंतवैद्य रोज पाहतात. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांमध्ये कीड आढळली होती. लहान मुलांच्या कायमच्या दातांची कीड बहुतेक या मागच्या दाढांच्या खाचांतच असते.

सीलंटचे काम एवढेच की ती खाच भरून बंद करायची. काम साधे आहे, पण नीट होण्यासाठी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पालक खुर्चीशेजारी उभे असतील तर त्यांना हे सगळे पाहता येते.

आधी दाढ स्वच्छ करतात. छोट्या फिरत्या ब्रशने, कधी प्युमिस पावडर लावून, खाचेतला मळ काढतात. इंजेक्शन नाही, दात कोरणे नाही. मग गालाच्या आणि जिभेच्या बाजूला कापसाचे रोल ठेवतात आणि लाळ ओढणारी नळी लावतात. काही डॉक्टर दाताभोवती रबराचा पडदा बसवतात. दाढ कोरडी ठेवणे हे या सगळ्यातले सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे. सहा वर्षांच्या मुलाची जीभ शांत बसत नाही, आणि ती एकदा दाढेला लागली की मेहनत वाया.

दाढ कोरडी झाली की खाचेवर आणि तिच्या दोन्ही उतारांवर जेल लावतात. ते बहुधा निळ्या किंवा हिरव्या रंगाचे असते. त्यात साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल असते. ऐकून पालक दचकतात, पण ते कवचाच्या अगदी वरच्या थरावर आणि तेही अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही. त्याने इनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडतात. गुळगुळीत काँक्रीटवर प्लास्टर धरत नाही म्हणून गवंडी आधी टाचे मारतो, तोच हेतू इथे आहे. मग जेल पाण्याने चांगले धुऊन हवेने दाढ वाळवतात. या क्षणी खुर्चीजवळ वाकून पाहा: एरवी चकाकणारी दाढ त्या जागी निस्तेज, पांढुरकी दिसते. तशी दिसली म्हणजे आम्लाने काम केले. इथे लाळेचा एक थेंब जरी पडला तरी छिद्रे लाळेतल्या प्रथिनांनी भरतात आणि सीलंट चिकटत नाही. चांगला डॉक्टर अशा वेळी घाई करत नाही. पुन्हा जेल लावतो, पुन्हा धुतो.

मग पातळ राळ खाचेत सोडतात. ती छिद्रांमध्ये शिरते. बुडबुडा राहू नये म्हणून सळईच्या बारीक टोकाने ती खाचेतून ओढून नेतात. त्यावर निळा प्रकाश साधारण वीस सेकंद धरला की राळ घट्ट होते. छिद्रांत शिरलेली तिची टोके आतच गोठतात आणि तीच तिची पकड. ज्यात राळ पांढरी, अपारदर्शक असते ते सीलंट घेतले तर पुढच्या तपासणीला ते अजून आहे की गेले हे चटकन दिसते. शेवटी डॉक्टर टोकदार सळईने ते उचकटून पाहतात, उचकटले नाही तर ठीक. मुलाला रंगीत कागद चावायला देऊन उंच भाग कुठे लागतो ते बघतात. एका दाढेला पाच-दहा मिनिटे. मूल घरी जाताना लगेच खाऊ शकते.

आम्लाने दात खडबडीत करण्याची युक्ती दातांच्या दुनियेबाहेरून आली. अमेरिकेत रॉचेस्टर इथे मायकेल ब्युओनोकोर यांच्या लक्षात आले की कारखान्यांत धातूला रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. रांजणगाव-सणसवाडीच्या पट्ट्यात पेंट शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट नवी वाटणार नाही. ब्युओनोकोर यांनी तेच दातावर करून पाहिले आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांनी नव्या राळेचे पेटंट घेतले, १९६७ मध्ये क्युएटो आणि ब्युओनोकोर यांनी माणसांच्या दातांवरच्या सीलंटचा पहिला अहवाल दिला, आणि १९७१ च्या सुमारास पहिले सीलंट बाजारात आले. तेव्हा ते घट्ट करायला अतिनील प्रकाश लागे. आताचा निळा प्रकाश पुढे आला. आज दाताच्या रंगाच्या, राळेच्या फिलिंगमध्येही बहुधा हीच आम्लाची पायरी असते.

ते टिकते किती? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार सीलंट पहिली दोन वर्षे दाढांची सुमारे ८० टक्के कीड रोखते, आणि चार वर्षांपर्यंत सुमारे ५० टक्के. रिचर्ड सायमनसेन यांनी एकदाच लावलेल्या सीलंटची १५ वर्षांनी तपासणी करून १९९१ मध्ये निष्कर्ष मांडले: जवळजवळ २८ टक्के दाढांवर ते पूर्ण शाबूत होते आणि आणखी ३५ टक्के दाढांवर काही भाग उरला होता. म्हणजे काही निघतातच. म्हणून दर सहा महिन्यांनी किंवा निदान वर्षाने दाखवायला नेणे हे सीलंट लावण्याइतकेच गरजेचे आहे. निघालेला भाग पुन्हा भरता येतो. सीलंट निघाले म्हणजे दाढ पूर्वीपेक्षा कमकुवत झाली, ही भीती मात्र खरी नाही.

पालक आणखी दोन गोष्टी हमखास विचारतात. पहिली: “डॉक्टर, आत कीड असेल आणि वरून बंद केली तर?” कवचाला प्रत्यक्ष भगदाड पडले नसेल, नुसता पांढरा किंवा तपकिरी डाग असेल, तर सील करायला हरकत नाही. खाली कोंडलेल्या जिवाणूंना साखर मिळेनाशी होते आणि त्यांची संख्या घटत जाते. भगदाड पडले असेल तर सीलंट नव्हे, फिलिंगच लागते. दुसरी शंका रसायनाची. काही राळांत बिस्फेनॉल ए या पदार्थाचा अंश असतो आणि सीलंट लावल्यावर थोडा वेळ लाळेत त्याचे अत्यल्प प्रमाण सापडते. ते धोक्याच्या पातळीच्या कितीतरी खाली असल्याचे अमेरिकन दंतवैद्यक संघटनेचे म्हणणे आहे. तरीही सीलंट घट्ट झाल्यावर वरचा चिकट थर कापसाने पुसून मुलाला चूळ भरायला लावणे चांगले, आणि पालकांनी तसे सांगायला संकोच करू नये.

कुठे करून घ्यायचे? खासगी दवाखान्यात दर दाढेमागे पैसे घेतात आणि दर दवाखान्यागणिक वेगळे असतात. खुर्चीवर बसण्याआधी विचारून घ्यावे. सरकारी यंत्रणेत पहिली पायरी शाळेतच येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्यात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करते. दातांचे आजार या तपासणीच्या यादीत आहेत. पण एका दिवसात शेकडो मुले तपासणाऱ्या पथकाला दिसतो तो मोठा काळा खड्डा. सहा वर्षांच्या मुलाच्या पार मागच्या कोपऱ्यातली निरोगी, पण खोल खाचेची दाढ कुणी मुद्दाम शोधत नाही. पथक येणार असेल त्या दिवशी वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवले, ‘पहिली-दुसरीच्या मुलांची सहाव्या क्रमांकाची दाढ बघायला सांगा,’ तर फरक पडू शकतो. शिक्रापूर परिसरातल्या खासगी इंग्रजी शाळांत हे पथक जात नाही. तिथल्या पालकांनी स्वतःच पुढाकार घ्यायला हवा.

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सकाचे पद असते. शिरूर, न्हावरे किंवा दौंड जवळ असेल तर तिथे चौकशी करावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. सीलंटचे साहित्य सध्या आहे का, हे मात्र हेलपाटा घालण्याआधी विचारून घ्यावे. पुण्यात धनकवडीचे भारती विद्यापीठ, पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील, कॅम्पातले रंगूनवाला, अशा दंत महाविद्यालयांत बालदंतचिकित्सेचे स्वतंत्र विभाग असतात आणि तिथले दर सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी. शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. सीलंटसारख्या कामात त्यांची संथ, काळजीपूर्वक पद्धत मुलांच्या फायद्याचीच ठरते.

मे २०२३ मध्ये राज्य सरकारने स्वच्छ मुख अभियान सुरू केले आणि सचिन तेंडुलकर यांना त्याचे स्माईल ॲम्बेसेडर केले. दात घासण्याचा संदेश त्यातून घरोघर गेला हे चांगलेच झाले. सीलंट त्याला पर्याय नाही. ते फक्त चावण्याच्या पृष्ठभागाचे रक्षण करते. दोन दातांमधल्या फटीचे आणि हिरडीजवळच्या भागाचे काम ब्रश आणि फ्लोराइडच करतात. मुलांना राखुंडी किंवा फ्लोराइड नसलेले मंजन देऊ नका. पेस्टच्या नळीवर १००० पीपीएम फ्लोराइड लिहिलेले पाहून घ्या, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढीच द्या, रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे चुकवू नका. आठ वर्षांपर्यंत मोठ्याने स्वतः मागच्या दाढा घासून द्याव्यात, ब्रश आडवा करून, गालाच्या बाजूने आत घालून.

आता उसाच्या पट्ट्यातल्या मुलांबद्दल. शिरूर-दौंडच्या शिवारांत हंगाम सुरू झाला की बीड, नगरकडून ऊसतोड मजूर येतात, कोप्या पडतात, मुले सोबत असतात. हंगाम संपला की सगळे परत. या मुलांसाठी काय उपयोगी पडेल, हे ठरवताना एक अभ्यास महत्त्वाचा आहे. वेल्समध्ये सहा-सात वर्षांच्या हजारावर मुलांवर केलेला हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना सीलंट, निम्म्यांना दर सहा महिन्यांनी दातांवर लावायचे फ्लोराइड व्हार्निश. तीन वर्षांनी दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच निघाला आणि व्हार्निश स्वस्त पडले. ज्या शाळेत तीच मुले दर सहा महिन्यांनी भेटतात तिथे व्हार्निश नक्कीच विचारात घ्यावे. पण ऊसतोड कामगाराचे मूल सहा महिन्यांनी कुठल्या गावात असेल याचा नेम नाही. त्याला एकाच बैठकीत होणारा उपायच जास्त सोयीचा. त्यासाठी ग्लास आयनोमर नावाचे दुसरे सीलंट आहे. त्याला निळ्या प्रकाशाचा दिवा लागत नाही, दाढ पूर्ण कोरडी नसली तरी चालते, अर्धी वर आलेली दाढही झाकता येते, आणि त्यातून हळूहळू फ्लोराइड झिरपत राहते. राळेइतके ते टिकत नाही, लवकर झिजते. पण वीज नसलेल्या, खुर्ची नसलेल्या जागी, साखरशाळेत किंवा फडाच्या बांधावरसुद्धा ते बोटाने दाबून बसवता येते. माझ्या मते या मुलांसाठी पहिला विचार त्याचाच व्हायला हवा.

दुधाच्या दाढांमध्येही कधी कधी खोल खाचा असतात. मुलाला आधीच इतर दातांना कीड लागलेली असेल तर डॉक्टर त्यासुद्धा सील करायला सांगतील, ते ऐकावे. आणि हे सगळे पहिलीत एकदा केले की संपत नाही. साधारण बाराव्या वर्षी, मूल सहावी-सातवीत असताना, पहिल्या दाढेच्या मागे कायमची दुसरी दाढ येते. सातवा क्रमांक. तिच्या खाचाही तशाच, येण्याची पद्धतही तशीच गुपचूप. ती पुरती वर आली, हिरडीची कड तिच्या माथ्यावरून बाजूला सरली, की पुन्हा त्याच खुर्चीवर, त्याच पद्धतीने तिलाही सील करून घ्यायचे, आणि त्याच वेळी पहिल्या दाढेवरचे जुने सीलंट शाबूत आहे का तेही तपासून घ्यायचे.